मंदीच्या दिवसांतलं जेवण: दुकान-गाळ्यांच्या व्यवसायात नव्याने आलेल्यांसाठी

दुकानांच्या जागा भाड्याने देण्याघेण्याच्या व्यवसायात तुम्ही नुकतेच आला असाल आणि नेमकी मंदी लागली असेल, तर वरिष्ठांकडून एक सल्ला हमखास मिळेल: "लोकांना भेटत राहा." सल्ला खरा आहे, पण अर्धाच आहे. कुणाला भेटायचं, कुठे, कोणत्या वारी आणि भेटल्यावर बोलायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. मग नवखा माणूस इस्त्रीचे कपडे घालून एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमाला जातो, दिसेल त्याच्या हातात कार्ड देतो आणि घरी येतो. पुढे त्यातून काही निघत नाही.

हा लेख त्याऐवजी सात-आठ जणांच्या साध्या जेवणाबद्दल आहे. ते तुम्ही स्वतः घडवून आणायचं आहे. उदाहरणं पुण्या-मुंबईची आहेत, कारण हा बाजार मला जवळून माहीत आहे. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरमध्ये माणसं कमी असतील, पण पद्धत हीच.

मंदीतलं जेवण सौदा जमवायला नसतं, ते खरा आकडा कळायला असतं. तेजीत दर आठवड्याला चार गाळे भाड्याने जातात, त्यामुळे रस्त्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. मंदीत व्यवहारच थंडावतात. जागामालक दोन वर्षांपूर्वीचा दर सांगतो, ब्रँडचा माणूस त्याच्या निम्मा सांगतो, आणि आजचा भाव नेमका काय हे दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं. त्याचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे विखुरलेले असतात. ती माणसं एका टेबलाभोवती आणणं हे नवख्याला जमण्यासारखं काम आहे. त्यासाठी मोठं नाव लागत नाही, मेहनत लागते.

आधी माणसं ओळखा

या व्यवसायात निरनिराळ्या बाजूची माणसं असतात आणि मंदीत प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. मॉलच्या लीजिंग (गाळे भाड्याने देणाऱ्या) विभागातल्या माणसाला रिकामा गाळा झाकायचा असतो, कारण एक शटर बंद दिसलं की शेजारचा भाडेकरूही भाडं कमी करून मागतो. ब्रँडच्या बिझनेस डेव्हलपमेंटवाल्याला, म्हणजे नव्या दुकानांसाठी जागा शोधणाऱ्याला, नवी दुकानं उघडायला मनाई झालेली असते. चालू दुकानांचं भाडं कमी करून आणणं हेच त्याचं काम होऊन बसतं. ब्रोकरकडे ऑप्शन, म्हणजे दाखवायच्या जागा, भरपूर असतात; पार्टी, म्हणजे जागा घेणारा, नसते. रस्त्यावरच्या गाळ्याचा मालक बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. त्या भाड्यावर कुणाचं तरी घर चालतं, कर्जाचा हप्ता जातो. त्याला "मार्केट पडलंय" असं तोंडावर सांगणारे पुष्कळ भेटतात, समजावून सांगणारा क्वचितच.

यांच्याखेरीज दोन माणसं नवखे लोक नेहमी विसरतात. एक म्हणजे फिट-आउटचा, म्हणजे दुकानाची आतली मांडणी करून देणारा, कंत्राटदार. कोणता ब्रँड खरोखर दुकान लावतोय आणि कोणी काम मध्येच थांबवलंय, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. दुसरा म्हणजे भाडेकरार नोंदवून देणारा एजंट किंवा वकील. करार मोडण्याच्या नोटिसा वाढल्या आहेत की कमी झाल्या आहेत, हे त्याच्या टेबलावर दिसतं. दोघांनाही आपल्या व्यवसायातली मंडळी जेवायला बोलवत नाहीत. तुम्ही बोलवा.

मंदीत भाडं कसं मोडतं ते शिकून घ्या

हे न शिकता टेबलावर बसलात तर निम्मं बोलणं डोक्यावरून जाईल. म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली गोष्ट म्हणजे सांगितलेला दर आणि हातात पडणारा दर यांतला फरक. समजा, मालक म्हणतो, "चौरस फुटाला १८० रुपयांनी दिला गाळा." तुम्ही विचारायचं: भाडं सुरू कधीपासून? लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, किती? तीन वर्षांचं लॉक-इन आहे आणि पहिले सहा महिने भाडं माफ आहे असं निघालं, तर छत्तीस महिन्यांत भाडं तीसच महिन्यांचं मिळणार. म्हणजे खरा दर १५० झाला. मालक तरीही १८०च सांगत राहतो आणि त्यात लबाडी नसते. शेजारच्या गाळ्यांचे करार त्या आकड्याकडे बघून होणार असतात, भाड्याच्या उत्पन्नावर बँकेचं कर्ज असेल तर बँकही तोच आकडा बघते. म्हणून मंदीत आधी दर उतरत नाही. आधी माफीचे महिने वाढतात, डिपॉझिट कमी होतं, मालक स्वतः लादी-वीज करून देतो, आणि सगळ्यांत शेवटी दराला हात लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विक्रीतला हिस्सा. हजार फुटांचा गाळा, दर २०० रुपये, म्हणजे महिन्याला दोन लाख भाडं. दुकानाची विक्री बारा लाख असेल तर भाडं विक्रीच्या १६-१७ टक्के पडतं. विक्री आठ लाखांवर आली की तेच भाडं २५ टक्के होतं आणि दुकान तोट्यात जातं. मग तडजोड अशी निघते: किमान भाडं एक लाख वीस हजार, किंवा विक्रीच्या १५ टक्के, यांत जे जास्त असेल ते. आठ लाख विक्रीवर दोन्ही आकडे सारखेच येतात. विक्री पंधरा लाखांवर गेली तर मालकाला सव्वादोन लाख मिळतात, म्हणजे जुन्या भाड्याहून जास्त. मॉल हे मान्य करतात, कारण तिथे बिलिंगची माहिती त्यांना मिळत असते. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा मालक सहसा करत नाही, कारण खरी विक्री किती हे त्याला कोण सांगणार? जीएसटीची विवरणपत्रं दर महिन्याला दाखवायची अट करारात घालता येते, हे त्याला समजावणारा माणूस तुम्ही होऊ शकता.

तिसरी गोष्ट म्हणजे कर. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कपड्याच्या दुकानाला तो आपल्या करातून वळता करून घेता येतो. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला तो वळता होत नाही, त्यामुळे दोन लाख भाड्यावरचे छत्तीस हजार थेट खिशातून जातात. एकाच रस्त्यावर, एकाच दराने, एका भाडेकरूला गाळा परवडतो आणि दुसऱ्याला नाही, याचं हे एक मोठं कारण आहे. मालक जीएसटीखाली नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू नोंदणीकृत असला (कंपोझिशन योजनेतला नसला), तरी ऑक्टोबर २०२४ पासून कर भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. ही गोष्ट अजून कित्येक छोट्या दुकानदारांना माहीत नाही.

कायद्याची दोन-तीन उदाहरणंही डोक्यात असू द्या. टाळेबंदी २५ मार्च २०२० ला लागली आणि महाराष्ट्रातले मॉल ५ ऑगस्टला उघडले. त्या मधल्या काळात "दुकानच बंद होतं, मग भाडं कसलं?" हा वाद सगळीकडे झाला. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० ला भाडं स्थगित करायला नकार दिला. करारात तशी सवलत नसेल तर नुसती टाळेबंदी पुरेशी नाही, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून महामारी आणि सरकारी बंदचं कलम करारात स्वतंत्र लिहिण्याकडे कल वाढला. दुसरं उदाहरण बिग बझारचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलच्या कितीतरी दुकानांचा ताबा घेतला तो भाडेकरारांच्या जोरावर: थकबाकी वाढल्यावर ते करार रिलायन्सकडे आले होते. दुकानावर पाटी कुणाची आहे यापेक्षा करार कुणाच्या नावावर आहे हे महत्त्वाचं, हे त्या वेळी सगळ्या देशाला दिसलं.

जेवणाआधी रस्ता चालून या

प्रत्येक जेवणासाठी एकच रस्ता किंवा एकच मॉल ठरवा. औंधचा आयटीआय रोड, कोरेगाव पार्कची नॉर्थ मेन रोड, दादरचा रानडे रोड, वांद्र्याची लिंकिंग रोड, जो तुमच्या कामाचा असेल तो. जेवणाच्या आठवड्यात तो दोनदा चाला: एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी, एकदा रविवारी. बंद शटर मोजा. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी नवी आहे की उन्हाने उडालेली, ते बघा. कोणत्या गाळ्यात काम चालू आहे, कोणत्या दुकानात नोकर जास्त आणि गिऱ्हाईक कमी दिसतंय, ते वहीत लिहा. चहावाल्याशी आणि पार्किंगवाल्याशी बोला, रस्त्यावरची वर्दळ त्यांच्याइतकी कुणी बघत नाही.

मग घरी बसून नोंदी काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोनमधून (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बऱ्याच करारांचं भाडं आणि डिपॉझिट कळतं. त्या रस्त्यावरचे अलीकडचे चार-पाच करार शोधून एका कागदावर मांडा. हा कागद म्हणजे तुमचं जेवणातलं स्थान आहे. वयाने आणि अनुभवाने तुम्ही टेबलावर सगळ्यांत लहान असाल, पण आजच्या तारखेची मोजणी फक्त तुमच्याकडे असेल.

वार, तिथी, वेळ

परदेशी पद्धतीच्या सल्ल्यांमध्ये हा भाग नसतो आणि आपल्याकडे बेत फसतात ते नेमके इथे.

शुक्रवार ते रविवार दुकानांचे आणि मॉलचे विक्रीचे दिवस. या तीन दिवशी ब्रँडच्या किंवा मॉलच्या माणसाला बोलावणं म्हणजे त्याच्या कामाची जाण नसल्याचं दाखवणं. सोमवारी तो शनिवार-रविवारच्या आकड्यांचा हिशेब देत असतो. उरले मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्यातला बुधवार मला सर्वांत बरा वाटतो, कारण मंगळवारी आणि गुरुवारी बऱ्याच जणांचे उपास असतात. संकष्टी टाळा, उपास चंद्रोदयानंतर सुटतो आणि तोवर तुमची मंडळी निम्मी उठलेली असतात. महिनाअखेर टाळा. जानेवारी आणि जुलैतल्या सेलचे पहिले आठवडे टाळा. पुण्यात गणपतीचे दहा दिवस तर कुणाला विचारूही नका.

पितृपक्ष मात्र सोडू नका. या पंधरवड्यात आपल्याकडे नवे करार, टोकन (जागा पक्की करण्याची आगाऊ रक्कम), चाव्या देणं-घेणं बहुतेक लोक टाळतात, म्हणून ब्रोकरपासून जागामालकापर्यंत सगळे मोकळे असतात. लगेच पुढे नवरात्र आणि दसरा. पितृपक्षातल्या टेबलावर ज्या जागेची नुसती गोष्ट निघाली, तिचं टोकन दसऱ्याच्या मुहूर्तावर पडू शकतं. काही जण त्या दिवसांत बाहेर जेवत नाहीत, त्यांना आधी विचारा. ते चहाला येतील.

वेळेचं म्हणाल तर, या व्यवसायातले बरेच जागामालक आणि ब्रोकर जैन आहेत आणि त्यांतले काही सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेआठला ताट मांडून त्यांना पाण्यावर बसवणं बरं दिसत नाही. चातुर्मासात तर हे कटाक्षाने पाळलं जातं. अशी मंडळी येणार असतील तर संध्याकाळी पाचला लवकरचं जेवण ठेवा किंवा सरळ दुपारी भेटा. कांदा, लसूण, बटाटा नसलेले दोन पदार्थ आधी सांगून ठेवा. ही काळजी तुम्ही घेतलीत हे ते विसरत नाहीत.

ठिकाण आणि बिल

मंदीत भपकेबाज हॉटेल नको. ज्याने गेल्या महिन्यात माणसं कमी केली आहेत, त्याला तारांकित हॉटेलात बसून जेवण गोड लागत नाही, आणि बिल कोण भरतंय हा प्रश्न सगळ्यांच्या मनात राहतो. माणशी सातशे-आठशेच्या आत बसेल असं, बोललेलं ऐकू येईल असं ठिकाण निवडा. भरपूर वाढणाऱ्या थाळीची हॉटेलं टाळा. तिथे वाढपी दर दोन मिनिटांनी "पोळी? भात?" विचारत येतो आणि बोलण्याचा धागा तुटतो. गोल टेबल मिळालं तर उत्तम, लांबट टेबलावर दोन टोकांना दोन वेगळी जेवणं होतात. मुंबईत असाल तर स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा. दादर दोन्ही लाइनच्या लोकांना बरं पडतं.

आणखी एक चांगला मार्ग आहे. ज्या रस्त्याबद्दल बोलायचंय त्याच रस्त्यावरच्या एखाद्या रेस्टॉरंटात बसा आणि मालकाला शेवटची पंधरा मिनिटं टेबलावर या अशी विनंती करा. तोही भाडेकरूच आहे. त्याच्याइतकं त्या रस्त्याचं भाडं कुणाला जाणवत असेल?

बिलाची पद्धत निमंत्रणातच लिहा: टीटीएमएम, तू तुझं मी माझं. पुणेकरांना यात अवघड काही वाटत नाही आणि मुंबईकरांनाही वाटू नये. कुणी शेठ उदारपणे "आज माझ्याकडून" म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा. बिल एकाने भरलं की पुढचं बोलणं त्याच्या सोयीचं होऊ लागतं. एखादाच माणूस अडचणीत असेल, तर त्याचं बिल कुणाला न कळता तुम्ही आधीच भरून टाका.

दारूबद्दल सरळ सांगतो: नको. तुम्ही पिता की नाही हा प्रश्न नाही. प्यायल्यावर माणूस दुसऱ्याच्या भाडेकरूबद्दल नको ते बोलतो, आणि सकाळी ज्याने बोलावलं त्याच्यावर नाराज होतो.

बोलवायचं कुणाला

सात किंवा आठ. दहाच्या वर गेलात की दोन गट पडतात. दोन ब्रोकर, दोन ब्रँडवाले, मॉलचा एक माणूस, एक जागामालक, एक कंत्राटदार किंवा वकील, आणि तुम्ही. दोन ब्रँडवाले एकमेकांचे थेट स्पर्धक नसावेत. एक चपलांचा असेल तर दुसरा चष्म्यांचा किंवा खाण्याचा. ब्रोकर वेगवेगळ्या भागांत काम करणारे घ्या. किमान दोन स्त्रिया असाव्यात. या व्यवसायात लीजिंग आणि बिझनेस डेव्हलपमेंटमध्ये त्या आहेतच, फक्त रात्रीच्या बैठकांना त्यांना बोलावलं जात नाही किंवा आल्या तर एकट्या पडतात. जेवण साडेनऊला संपेल हे आधी सांगा आणि खरंच संपवा.

या आठांतली एक जागा नेहमी नोकरी गेलेल्या माणसासाठी ठेवा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मंदीत सगळ्यांत आधी बिझनेस डेव्हलपमेंटच्या माणसांना घरी पाठवतात, कारण नवी दुकानं उघडायची नसतात. काल ज्याच्या मागे वीस ब्रोकर होते, त्याला आज कुणी साधा फोन करत नाही. त्याच्याकडे दहा शहरांच्या जागांची जाण असते. वर्षभरात तो दुसऱ्या ब्रँडमध्ये असतो. पण तो पुढे कामाला येईल म्हणून बोलावू नका, तो जाणकार आहे म्हणून बोलवा. ओळख करून देताना "सध्या हे घरी आहेत" असं म्हणू नका. "यांनी पश्चिम महाराष्ट्रात अमुक प्रकारची दुकानं उभी केली" असं म्हणा.

पहिल्या वेळी मोठी माणसं तुमच्या बोलावण्याने येणार नाहीत, हे धरून चाला. ओळखीच्या एका ज्येष्ठ ब्रोकरला आधी भेटा. "सर, मी मोजणी करून आणतो, तुम्ही तिघांना बोलवा, बाकीचे मी बघतो" एवढं म्हणा. काम तुमचं आणि शब्द त्यांचा असेल तर लोक येतात.

निमंत्रण छोटं असावं. व्हॉट्सॲपवर, प्रत्येकाला वेगळं, ग्रुपमध्ये नव्हे:

"नमस्कार मॅडम. बुधवारी संध्याकाळी साडेसातला औंधमध्ये आपण आठ जण जेवायला बसतोय. विषय एकच, आयटीआय रोडवरची आजची भाडी. मी रस्त्यावरची मोजणी आणि नोंदलेल्या करारांचा कागद आणतोय. कुणी काही विकणार नाही. टीटीएमएम, साडेनऊला संपेल. याल का?"

"कुणी काही विकणार नाही" हे वाक्य काढू नका. लोक त्याच्यामुळे येतात.

टेबलावर

पहिली दहा मिनिटं खाण्यापिण्याच्या गप्पांना द्या. मग आपला कागद काढा आणि दोन मिनिटांत मोजणी सांगा: एवढी शटर बंद, एवढ्या पाट्या नव्या, नोंदलेले दर एवढे. त्यापुढे प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या, स्वतःला पक्की माहीत असलेली एक आणि सध्या हवी असलेली एक. "माझ्या तीन भाडेकरूंनी यंदा वाढीव भाडं द्यायला नकार दिलाय" ही झाली माहिती. "मला स्टेशनजवळ चारशे फुटांचा गाळा हवाय, फूड लायसन्स मिळेल असा" ही झाली गरज. या फेरीत मधे कुणी बोलायचं नाही, प्रश्न नंतर.

तुमचं काम ऐकणं आणि योग्य जागी एक प्रश्न विचारणं. चांगले प्रश्न असे असतात: "माफीचे महिने धरून दर किती पडला?" "लॉक-इन दोघांनाही बांधतं की फक्त भाडेकरूला?" "कॅम चार्जेस भाड्याबरोबर कमी झाले की तसेच राहिले?" हा शेवटचा प्रश्न मॉलमध्ये फार उपयोगी पडतो, कारण सामायिक देखभालीचा खर्च गर्दी कमी झाली म्हणून कमी होत नाही. भाडं निम्मं करून घेतलेला दुकानदारही त्याखाली दबलेला असू शकतो.

मालक काका चिडले, "तुम्ही ब्रोकर लोकच भाव पाडता" म्हणाले, तर वाद घालू नका. कागद पुढे करा. "काका, हे नोंदलेले पाच करार बघा. यातला कोणता तुमच्या गाळ्यासारखा वाटतो?" असं विचारा. आकडा तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्यांनी स्वतः वाचला की बोलणं पुढे सरकतं.

काही गोष्टी टेबलावर येऊच द्यायच्या नाहीत. "तो ब्रँड आता बसणार" अशी ऐकीव बातमी त्यांतली पहिली. एवढ्या वाक्यावर माल देणारे उधारी थांबवतात आणि चालू दुकान खरोखर बंद पडू शकतं. कुणी सुरू केलं तर "हे कागदावर आहे का?" एवढंच विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या भाडेकरूची विक्री नावासकट सांगणं, ती कराराने गोपनीय असते. आकडा सांगा, नाव झाका. तिसरी जास्त गंभीर आहे: "आपण सगळ्यांनी मिळून अमुक दराच्या खाली द्यायचं नाही" किंवा "दलाली सगळ्यांनी एवढीच घ्यायची" असं ठरवणं. स्पर्धा कायदा, २००२ अशा संगनमताला मनाई करतो. कुणी गमतीत म्हटलं तरी विषय तिथेच थांबवा आणि का थांबवलात ते सांगा.

जेवताना लिहू नका. मोबाइल टेबलावर उपडाही ठेवू नका. लक्षात ठेवण्यासारखं फार झालं तर हात धुवायला जाऊन दोन ओळी टिपून या.

दुसरा दिवस

जेवणाचं फळ दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. अकराच्या आत प्रत्येकाला वेगळा निरोप जायला हवा आणि त्यात त्याच्या गरजेशी जुळणारी एक तरी गोष्ट हवी. वकिलाचा नंबर, रिकाम्या गाळ्याचं मोजमाप, एखाद्या कराराचा तपशील. आपल्या सगळ्या ऑप्शनची पीडीएफ पाठवू नका. सगळे तेच पाठवतात आणि कुणी उघडत नाही. एखाद्याचा नंबर दुसऱ्याला देण्यापूर्वी त्याला विचारा.

एक वही करा: माणूस, तारीख, त्याने काय सांगितलं, काय मागितलं, आपण काय कबूल केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. "बघतो, कळवतो" म्हणून न कळवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. उत्तर "नाही मिळालं" असलं तरी कळवा.

मोठ्या संघटनांचे कार्यक्रम अगदी सोडायचे नाहीत. रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया, शॉपिंग सेंटर्स असोसिएशन ऑफ इंडिया, बांधकाम व्यावसायिकांची क्रेडाई, पुण्यातलं मराठा चेंबर, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब, या सगळ्यांकडे माणसं भेटतात. पण प्रवेशशुल्क खिशाला जड असेल, तर कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आपलं छोटं जेवण ठेवा. दिल्ली-बंगळुरूचे ब्रँडवाले आदल्या दिवशीच शहरात उतरलेले असतात आणि त्यांची संध्याकाळ रिकामी असते.

जेवणातून जागा निघाली तर

कधीतरी ते होईलच. टेबलावर ऐकलेली गरज आणि टेबलावर ऐकलेला गाळा जुळेल, आणि मधे दोन ब्रोकर असतील, त्यांतले एक तुम्ही. दलालीचं बोलणं तिथे काढू नका, पण दुसरा दिवसही उलटू देऊ नका. साइट दाखवायच्या आधी एक लेखी निरोप पाठवा: गाळा कोणता, पार्टी कोणाची, मालकाकडून येणारी दलाली कुणाची, भाडेकरूकडून येणारी कुणाची, की दोन्ही एकत्र करून निम्मी-निम्मी. पैसे कधी मिळणार, टोकनवर की करार नोंदल्यावर, तेही लिहा. भाडं माफीच्या महिन्यांनंतर सुरू होणार असेल तर दलाली पूर्ण भाड्यावर धरायची की खऱ्या दरावर, हा वाद मंदीत हमखास उद्भवतो, म्हणून त्याचीही एक ओळ असू द्या. बांधकाम चालू असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातला गाळा विकला जाणार असेल, तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) एजंट म्हणून नोंदणी तुमच्याकडे आहे ना, हे त्याआधीच बघा. समोरचा "ठीक आहे" असं लिहून पाठवेपर्यंत चावी मागायला जाऊ नका.